दारांपुरती सूट

३ मार्च

टाकलं पत्र. रजिस्टर केलं, पोचपावतीसकट. पोस्टातून बाहेर आलो तेव्हा कानशिलं गरम झाली होती — उन्हाने नव्हे.

वहिनींना पत्र! ज्यांच्या कारखान्यात मी हाक न मारता शिरतो, त्यांना 'महोदया' लिहिलं. ही म्हणाली, "दोन गल्ल्या पलीकडे रजिस्टर? उद्या मला जेवायला वाढ म्हणायलाही नोटीस धाडाल!" हसलो. हसत हसत वेळ मारून नेणं मला फार चांगलं जमतं. तेच वाईट.

४ मार्च

इथे तरी सरळ लिहावं.

शहराच्या बसगाड्या बांधायचं काम मला मिळालं. पैसा सरकारचा, म्हणून अट — गाडीतला ठरलेला हिस्सा देशातच बनलेला हवा. दारं उघडमीट करणारी यंत्रणा परदेशातून आणली की हिशोब त्या हिश्श्याच्या खाली जातो. मग सूट मागायची. सूट मिळते, पण दाखवावं लागतं, की हा भाग देशात वेळेत कुणी देऊ शकत नाही. बनवणाऱ्यांना लेखी विचारायचं. महिन्याभरात लेखी उत्तर नाही आलं, तर ते 'नाही' धरतात.

बनवणारे तीनच. दोघांनी स्वतःहून हात वर केले. तिसऱ्या वहिनी. दादा गेल्यापासून कारखाना त्याच चालवतात.

दारांना तीन महिने लागतात, हे मला पाठ आहे. पत्रात पहिल्या खेपेची तारीख टाकली बारा एप्रिल. मुद्दाम. आणि मला हेही पाठ आहे, की वहिनी घरच्यांच्या पत्राला उत्तर लिहीत नाहीत. लग्नाच्या पत्रिकेलाही नाही — सरळ येऊन उभ्या राहतात.

आयुष्यभर लोकांकडून 'हो' काढत आलो. आता 'नाही' गोळा करत फिरतोय, आणि एक 'नाही' तर न मिळताच खिशात घातलंय.

७ मार्च

परदेशी कंपनीचा नमुना आला. स्वस्त आहे, तयार आहे. शिवाय त्यांची इथली एजन्सी मला देण्याचं गाजर. कारखान्यात बसवून पाहिला. खरेदीवाला खुशीत — "बघा साहेब, कसं मिटतंय!"

मी पाहिलं नाही, ऐकलं. धप्प! दादाचं दार असं नाही मिटायचं. आधी हवा सुटायची — फुस्स — मग अगदी हलकं टक्. लहान पोराचं बोट मध्ये आलं तर दार मागे सरायचं. दादाने स्वतःचं बोट घालून घालून ते बसवलं होतं. एक नख कायमचं काळं झालं.

हे दारही मागे सरतं म्हणे. मी बोट घातलं नाही.

११ मार्च

ही सांगत होती — जाऊबाई म्हणाल्या, शहराच्या बसचं काम आलं तर कारखाना राहील. नाहीतर यंत्रं विकायची आणि लेकीकडे जायचं. "मी बोलणारच होते तुमच्याशी, पण त्याच म्हणाल्या, भाऊजींवर दडपण नको."

जेवण गेलं नाही. ही म्हणाली, "पित्त झालंय." पित्तच म्हणालो.

१५ मार्च

वहिनींचा फोन. दोनदा. दोन्ही वेळा वाजू दिला.

संध्याकाळी हिच्याकडे निरोप — "भाऊजींना सांग, पत्र पोचलं. काळजी करू नका म्हणावं."

म्हणजे जमणार नाही, वाईट वाटून घेऊ नका, असंच ना? असंच असणार. वहिनी 'नाही' कधी तोंडावर म्हणत नाहीत. मी स्वतःला पटवून दिलं. चांगला विक्रेता आहे मी!

१६ मार्च

व्यापारी मंडळात सत्कार. सूत्रसंचालक म्हणाला, "शून्यातून उभा राहिलेला माणूस." टाळ्या.

त्या शून्यात एक शेड होती, दादाचं लेथ होतं आणि दुपारी वहिनींच्या हातचा डबा. भाषणात मीही 'शून्य' म्हणालो. वहिनींना निमंत्रण होतं. आल्या नाहीत. सुटलो असं वाटलं, आणि त्या वाटण्याचीच लाज वाटली.

२३ मार्च

वहिनी दिसतच नाहीत. हिच्या बहिणीकडच्या जेवणालाही आल्या नाहीत. ही विचारते, "तुम्ही काही बोललात का त्यांना?"

"मी कशाला बोलू?"

खरंच आहे. बोललोच तर नाही!

हिला त्या बाजारात ओझरत्या दिसल्या. "कोपरापर्यंत ग्रीसने काळ्या. या वयात! मी थांबा म्हटलं तर म्हणाल्या, नंतर गं, नंतर."

३० मार्च, रविवार

मुद्दाम त्यांच्या गल्लीतून गाडी काढली. काच खाली केली. आत लेथ चालू. दोन लेथ! रविवारी! एक धातू खरवडत होतं आणि दुसऱ्याचा सूर जरा वर — बारीक काम.

थांबलो नाही. पण घरी येईपर्यंत शीळ घालत होतो. वहिनींना दुसऱ्या कुणाचं काम मिळालंय! चांगलं झालं, कारखाना राहिला. माझ्या पत्रामुळे कुणाचं काही अडलं नाही. आज पित्त नाही.

२ एप्रिल

मुदत संपली. उत्तर आलं नाही. खरेदीवाल्याने फाईलवर तसं लिहिलं. मी सही केली. सही नेहमीपेक्षा बारीक आली.

४ एप्रिल

सूट देणाऱ्या कार्यालयात सुनावणी. लांब टेबल, कूलरचा खडखडाट. अधिकारी बाई शांत. कागद नीट वाचणाऱ्या.

"तिसऱ्या कारखान्याचं उत्तर नाही?"

"नाही आलं, बाई."

"तोंडी काही? फोन, निरोप?"

'काळजी करू नका' जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं. "काही नाही."

त्यांनी पान उलटलं. "आडनाव तुमचंच दिसतंय. नात्यातले का?"

आणि मी — मी! — हसून म्हणालो, "आडनावांचं काय बाई, यादी काढली तर पानभर निघतील!"

सगळे हसले. बाईसुद्धा. खरेदीवाला हसला नाही. त्याला माहीत आहे.

येताना गाडीत तो खिडकीबाहेर बघत होता. मी विनोद केला. त्याने ऐकलाच नाही असं दाखवलं. तेवीस वर्षांचा होतो तेव्हा ताप भरला होता. वहिनींनी उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. त्या वेळी डॉक्टरने विचारलं होतं, "तुम्ही याच्या कोण?" वहिनी म्हणाल्या होत्या, "आई समजा."

आज मला विचारलं, तर मी पानभर यादी दाखवली.

५ एप्रिल

फोन उचलला. ठेवला. परत उचलला. म्हणायचं काय? 'वहिनी, मी तुम्हाला विचारल्यासारखं केलं, विचारलं नाही'?

ठेवला.

९ एप्रिल

सूट मंजूर. 'दारांच्या यंत्रणेपुरती.' खरेदीवाल्याने कागद टेबलावर ठेवला आणि निघून गेला. एरवी पेढ्यांचा हट्ट धरतो.

१० एप्रिल

परदेशी कंपनीला ऑर्डर गेली. आगाऊ रक्कमही. आता मागे फिरायचं तर करार मोडावा लागेल, आणि मी स्वतःच सांगितलेलं खोटं त्याच बाईंपुढे जाऊन खोटं म्हणावं लागेल.

हिने विचारलं, "झालं ना मनासारखं?"

"झालं."

"मग तोंड असं का?"

११ एप्रिल

ठरवलं. वर्षभराने वहिनींना दुसरं एखादं काम देईन. मोठं. त्यांना कळणारही नाही का दिलं ते.

किती उदार माणूस! लिहितानाच किळस आली.

१२ एप्रिल

सकाळी वहिनींचा फोन. आज उचलला. मागे टेम्पो चालू होता. त्यांचा आवाज बसलेला, पण हसरा.

"भाऊजी, पहिली खेप निघाली बरं का. तुमच्या तारखेला. आहेत नाहीत तेवढी माणसं लावली, बाहेरची कामं परत केली. तुमची नड होती ना! आणि पत्राला उत्तर नाही दिलं म्हणून रागावू नका हं. घरच्या माणसाला काय लिहायचं!"

बारा तारीख आजच. विसरलोच होतो. मीच टाकली होती.

रखवालदाराला बाजूला करून फाटक मीच उघडलंय. टेम्पो अजून दिसत नाही. वळणावर गिअर बदललेला ऐकू आला.