ओठांवरचं इंग्रजी

चिखली,
ता. १४ जुलै १९६३

चि. सौ. जनकास शेषरावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी अन्नू इथे रुळली. एस.टी.त तिला मळमळलं नाही. उलट मेहकरच्या स्टँडवर कंडक्टर पार तिकडे हॉटेलापाशी कोणाशी तरी भांडत होता, ते भांडण तिने मला गाडीत बसल्या जागेवरून शब्दन्‌शब्द सांगितलं. मी म्हटलं, पोरगी मनानेच जुळवते आहे. आठवीत नाव घातलं आहे आणि इंग्रजी माझ्याकडेच असल्यामुळे तिची सुटका नाही.

या इंग्रजीचीच एक गंमत सांगतो. उन्हाळ्यात अमरावतीला आम्हा शिक्षकांचा वर्ग झाला, तिथे कळलं की आम्ही आजवर दोन वेगळे ‘व’ एकाच मापाने मोजत आलो. ‘वेस्ट’ म्हणजे बंडी आणि ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम. आपल्या लिपीत दोन्ही सारखेच, म्हणून या पत्रात तुला फरक दिसणार नाही. आरसा घे. बंडी म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवून वारा सोडायचा. पश्चिम म्हणताना ओठांचा चंबू करायचा आणि दात लागू द्यायचे नाहीत. आम्ही सगळे मास्तर हातात आरसे घेऊन बसलो होतो. नव्या नवरीनेही इतका आरसा पाहिला नसेल.

वर्गात हे शिकवलं तर सगळ्या पोरांची बंडी पश्चिमेला गेली. एकटी अन्नू दर वेळी बरोबर ओळखते. मात्र ‘प’ आणि ‘ब’ तिला वेगळे करता येत नाहीत. डुकराला ‘पिग’ आणि मोठ्याला ‘बिग’, यात घोळ घालणारं मराठी पोर मी आजवर पाहिलं नव्हतं. जे कोणालाच येत नाही ते हिला येतं आणि जे सगळ्यांना येतं त्यात ही चुकते. हे काय आहे ते कळेपर्यंत मला चैन पडणार नाही.

हाक मारली तर ओ देत नाही, अशी तुझ्या वहिनीची तक्रार आहे. अन्नूने तिला सांगितलं, की आई शेतात लय बोलते अन् घरात मुकी असते. घरात तुझं तोंड कोणी शिवलं, असं वहिनीने विचारलं आहे.

घरच्या वडील मंडळींस नमस्कार. लोभ आहे तो राहू दे, आणि उत्तराला उशीर लावू नकोस.

तुझा,
शेषराव

---

सुलतानपूर,
ता. २ ऑगस्ट १९६३

ती. दादास जनकाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कपाशीचं निंदण चालू आहे, म्हणून उत्तराला उशीर झाला. तुझ्या दोन्ही वेस्ट मी करून पाहिल्या. मामंजींसमोर पदर तोंडावर धरलेलाच असतो, त्यामुळे आत ओठांचं काय चाललं आहे ते कोणाला दिसतंय? परवा मामंजी विळा मागत होते आणि मी पदराआड बंडी आणि पश्चिम करत होते. वहिनींना सांग, घरात तोंड पदरानेच शिवलं आहे. शेतात मामंजी नसतात, तिथे मी सगळी कसर भरून काढते.

ओ न देण्याची अन्नूची खोड जुनीच आहे. घसा फोडून हाका माराव्यात आणि हिने आपल्याच तंद्रीत बसावं. मामंजींसमोर तर ती नुसती त्यांच्या मिशांकडे बघत उभी राहते. त्यांना तो उर्मटपणा वाटतो. ते म्हणतात, जे पोरगी घरात आयकत नाही, ते शाळंत काय आयकन? त्यांनी आता सांगून टाकलं आहे, की सहामाहीत एकाही विषयात नापास झाली तर दिवाळीला आलेली पोरगी परत चिखलीला जायची नाही. बीबी गावच्या एका स्थळाचं बोलणंही कानावर आलं आहे. हे वडिलांपुढे चकार शब्द काढत नाहीत, ते तुला ठाऊकच आहे.

दादा, मी चौथीनंतर शाळेचं दार पाहिलं नाही. किराण्याची पुडी वर्तमानपत्राच्या कागदात आली तर ती सोडून अजून तो कागद पूर्ण वाचते. अन्नूचं माझ्यासारखं होऊ नये, एवढंच मला वाटतं. तिचा प आणि ब तेवढा नीट करून घे.

वहिनींना नमस्कार. माझ्यावर आहे तेवढाच लोभ अन्नूवर ठेव, थोडा जास्त ठेवलास तरी चालेल.

तुझी,
जनका

---

चिखली,
ता. ८ ऑक्टोबर १९६३

चि. सौ. जनकास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी वाईट बातमी सांगतो. अन्नू गणितात पहिली आली, बाकी विषयांत पास झाली, आणि इंग्रजीत नापास. शुद्धलेखनाने घात केला. ते हेडमास्तरांनी घातलं आणि त्यांना बाकांमधून फिरत बोलायची सवय आहे. ते फळ्यापाशी उभे होते तेव्हाचे शब्द तेवढे अन्नूच्या कागदावर आहेत. पुढे कागद कोरा.

तो कोरा कागद माझ्या डोक्यातून जाईना. मग अमरावतीची आणखी एक युक्ती आठवली. आपलं तोंड पाटीआड लपवून शब्द म्हणायचे आणि मुलांनी नुसत्या कानाने ओळखायचे. मी तसं केलं. बाकीच्यांना थोडंथोडं जमलं. बंडी आणि पश्चिम कधीही न चुकणारी अन्नू मात्र पाटीकडे बघत राहिली. पोरं हसली.

घरी ती ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मी मागे उभा राहून साध्या मराठीत म्हटलं, की आईचं पत्र आलं आहे. जनका, तुझ्या पत्रासाठी ही पोरगी पोस्टमनच्या मागे गल्लीच्या टोकापर्यंत धावते. तिने मान वर केली नाही. मग मी समोर जाऊन तेच वाक्य आवाज न काढता नुसत्या ओठांनी म्हटलं. तिने लगेच हात पुढे केला.

तिला कमी ऐकू येतं. डॉक्टरांनी पाहिलं. डावा कान जवळजवळ गेलेला आहे, उजव्याने अर्धंमुर्धं कळतं. लहानपणी तापात तिचे कान फुटले होते, तेव्हापासूनच असेल. ती आपले ओठ पाहून बोलणं ओळखते, आणि तिला वाटतं की सगळी माणसं असंच करतात. प आणि ब म्हणताना ओठ सारखेच मिटतात, आरशात बघ. मराठीत तिचं अदमासाने भागतं, इंग्रजीत भागत नाही. कोडं सुटलं, पण सुटल्याचा आनंद मला झाला नाही.

एक उपाय सापडला आहे. बाजारातून कापसाचा पुंजका आणला. तो तळहातावर ओठांपुढे धरून इंग्रजी ‘पिग’ म्हटलं की उडतो आणि ‘बिग’ म्हटलं की जागेवर राहतो. तिला हे इतकं आवडलं आहे की घरभर कापूस झाला आहे आणि तुझी वहिनी माझ्यावर चिडली आहे. अन्नूला समोर बसवून, तोंड दाखवून शिकवलं तर ती वार्षिक परीक्षेत पास होईल, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तुझ्या मामंजींना पत्र घालू का? तू म्हणशील तसं करेन.

लोभ असू दे. या वेळी तुझ्या उत्तराची वाट मीच जास्त पाहतो आहे.

तुझा,
शेषराव

---

सुलतानपूर,
ता. ११ ऑक्टोबर १९६३

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

मामंजींना लिहू नकोस. पोरगी बहिरी आहे असं गावात झालं तर शाळाही जाईल आणि स्थळंही जातील, हेच आधी माझ्या मनात आलं. तुझं पत्र मी पेटीत लुगड्यांखाली घालून ठेवलं.

मग भाकरी करायला चुलीपाशी बसले आणि मनात चर्र झालं. चुलीपाशी माझं तोंड भिंतीकडे असतं. मामंजी-सासूबाईंसमोर तोंडावर पदर असतो. म्हणजे या घरात पोरीने मला कधी बोलताना पाहिलंच नाही. घरात आई मुकी असते असं तिने वहिनींना सांगितलं, तेव्हा आपण सगळे हसलो होतो. दादा, ती खरंच सांगत होती. मला रडू आवरलं नाही. भाकरी करपली आणि त्यावरून बोलणीही खाल्ली.

तिला गाडीत बसवून दे, हे स्टँडवर येतील. मामंजींशी काय बोलायचं ते मीच बोलेन. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यासमोर उभी राहून कधी बोलले नाही, त्यामुळे जमेल की नाही ठाऊक नाही. पाठीशी तुझा लोभ आहे असं धरून चालते.

तुझी,
जनका

---

सुलतानपूर,
ता. १९ ऑक्टोबर १९६३

ती. मामांस अन्नपूर्णेचा सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. आईने आता पाटा चुलीच्या पलीकडे नेला आहे. मी तिथे वाटण वाटते आणि ती माझ्याकडे तोंड करून भाकरी थापते. ती घरात इतकं बोलते हे मला माहीत नव्हतं. काल तिने मला वहिनी म्हणजे मामी किती छान रागावतात ते करून दाखवलं.

पाडव्याला दुपारी आजोबांनी मला ओसरीवर बोलावलं. बाबा आणि आजी तिथेच होते. आजोबांच्या मिशा ओठांवरून खाली येतात, म्हणून त्यांचं बोलणं मला कधीच दिसत नाही. मला वाटायचं, ते सगळ्यांशीच असं बोलतात आणि बाकीच्यांना अंदाज चांगला येतो. तुम्ही दिलेला निकालाचा कागद त्यांच्या हातात होता, त्यावरून कशाचं चाललं आहे ते मी ओळखलं.

आई नेहमी माजघराच्या दाराआड उभी राहते. त्या दिवशी ती बाहेर आली आणि खांबापाशी, मला दिसेल अशी उभी राहिली. डोक्यावरचा पदर तसाच होता, पण तोंडावरचा तिने खाली घेतला आणि मुठीत धरून ठेवला. आजीने तिला तोंड झाकायची खूण केली. आईने झाकलं नाही. ती म्हणाली, की मामंजी, पोरगी हट्टी नाही, तिले कमी आयकू येते. तोंड दिसलं का सारं समजते तिले. माझा भाऊ तिकडं तिले समोर बसवून शिकवून राह्यला, असं ती घाईत म्हणाली, म्हणजे तुम्ही. आणि शेवटी म्हणाली, की मले चौथीतून काढलं तवा मी काही बोलली नाही, पण इले काढू नका.

मामा, मी एकही शब्द चुकले नाही.

बाबा खाली बघत होते. आजोबा बोलायला लागले. नुसत्या मिशा हलत होत्या. ते हो म्हणतात की नाही म्हणतात, मला काही कळेना. मी आईकडे पाहिलं. आजोबांचं बोलणं अजून चालूच होतं, म्हणून तिने आवाज काढला नाही. तुम्ही आरशासमोर करता तसे तिने सावकाश ओठ हलवले. हो म्हणतात, चिखलीले जा, असं ती म्हणाली.

ते आजोबांना ऐकू गेलं नाही, बाबांना नाही, आजीलाही नाही. ओसरीवर ते फक्त मला ऐकू आलं.

मामींस नमस्कार. माझ्यावर लोभ करा आणि कापूस फेकून देऊ नका.

तुमची,
अन्नू