आधी घ्यायची गोळी

प्रिय कप्तानसाहेब,

तू कप्तान नाहीस, इंजिनरूममधला ऑइलर आहेस, हे मला ठाऊक आहे. पण लग्नानंतर पहिल्यांदा बोटीवर निघताना तू टोपी तिरकी घालून आरशासमोर उभा राहिलास, तेव्हापासून माझ्या तोंडात हेच बसलं आहे. पत्र बघून दचकला असशील. फोन असताना बाईसाहेबांना लिहायची हुक्की कुठून आली, असं मनात म्हणालाही असशील. पण तुझ्या फोनला रेंज मिळते तेव्हा तिकडे तुझा केबिनवाला सोबती कान टवकारून असतो आणि इकडे आई माझ्या शेजारी बसून त्यांचा नंबर कधी लागतो याची वाट बघत असतात. मग आपण गुडघ्यांविषयी बोलतो. आपल्या संसारात तुझ्या आईच्या गुडघ्यांइतकी चर्चा दुसऱ्या कशाचीच झालेली नाही. तुझा सोबती सुट्टी संपवून परत बोटीवर येतो आहे, त्याच्याबरोबर तुझा नवा चष्मा पाठवते आहे आणि त्याच पाकिटात हे पत्र. काचा मी स्वतः बसवल्यात, फ्रेमही मीच निवडली, म्हणजे नावं ठेवायला तुला मी आहेच. चष्मा लाव आणि आसपास कुणी नसताना वाच.

आधी घरची खबर. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो. तू जाताना रबर बदललंस आणि वर छाती काढून सांगितलंस की आता दहा वर्षं बघायला नको, तोच तो नळ. दुकानात गर्दी आहे. आमच्या मालकांना हल्ली स्वतःलाच नंबर लागला आहे, पण चष्मा लावायला लाजतात, चष्म्याच्या दुकानाचे मालक असून. आईंची तब्येत बरी आहे. अधूनमधून त्या त्यांच्या कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणीला भेटायला जातात, तसं चालू होतं. त्या मैत्रिणीला मी कधी पाहिलं नाही, तू पाहिलं नाहीस, तिनं कधी आपल्या घराचा उंबरा ओलांडला नाही. मी आईंना चिडवायचे, तुमची मैत्रीण आहे की भूत. त्या नुसत्या हसायच्या आणि छत्री घेऊन निघायच्या. आता चिडवत नाही.

तुला मागची सुट्टी आठवते का? मला त्यातली एकच गोष्ट सारखी आठवते. जेवण झालं की मी कपाटातून कॅल्शियमची बाटली काढायचे आणि तू पाण्याचा पेला माझ्या हातात द्यायचास. एखाद्या दिवशी मी विसरले की तूच बाटली आणून समोर ठेवायचास. बायकांची हाडं लवकर ठिसूळ होतात, असं तुला बोटीवरच्या कुणा डॉक्टरानं सांगितलं होतं म्हणे. तू किती काळजीनं ते करायचास! मी गोळी गिळायचे आणि तुझ्याकडे न बघता पेला परत द्यायचे. कारण त्या बाटलीत कॅल्शियम नव्हतं रे. ते काय होतं, हे तेव्हाच तुझ्या तोंडावर सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच्या आधीच्या सुट्टीनंतर, तू गेल्यावर थोड्याच दिवसांनी मला त्रास सुरू झाला. बायकांचा असतो तसला, पण नेहमीचा नव्हे. आधी घरगुती उपाय केले, मग निमूटपणे डॉक्टरांकडे गेले. बाई वयस्क होत्या, तोंडाच्या फटकळ, पण हाताच्या मायाळू. तपासून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, नवरा काय करतो. मी म्हटलं, बोटीवर असतो. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की हा आजार हवेतून येत नाही, नळाच्या पाण्यातून येत नाही. तुझं बाहेर कुठं काही नसेल तर तो नवऱ्याकडून आला. एवढंच. दुसरी कुठली शक्यता त्यांनी मला धरायला ठेवली नाही. औषधानं आजार बरा झाला. त्याच वेळी रक्तही तपासलं, एचआयव्ही नव्हता. घरी येताना मी बसमध्ये उभीच राहिले, जागा रिकामी होती तरी.

भांडायला समोर माणूस लागतो. तू होतास समुद्रात. फोनवर विचारावं तर शेजारी आई. आणि खरं सांगू, विचारायची हिंमतही नव्हती. तू नाही म्हणाला असतास तर मला ते खोटं वाटलं असतं, हो म्हणाला असतास तर पुढं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी मूग गिळून बसले. पुन्हा त्या डॉक्टरबाईंकडे गेले तेव्हा त्यांनीच या गोळीचं सांगितलं. म्हणाल्या, आजार झाल्यावर घ्यायचं औषध वेगळं, ही आजार होऊ नये म्हणून आधी घ्यायची गोळी. न चुकता रोज घेतली तर एचआयव्हीचा विषाणू अंगात शिरला तरी मूळ धरत नाही. बाकीचे आजार मात्र हिनं अडत नाहीत, त्यासाठी निरोध वापरायला हवा, असंही बजावलं. निरोध वापर म्हणून तुला सांगायचं, तर तू का म्हणून विचारलं असतंस. गोळीला कुणाला विचारायला लागत नव्हतं. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, मूत्रपिंड ठीक आहे ना ते बघायचं आणि पुढच्या गोळ्या घेऊन यायच्या. मी कॅल्शियमची बाटली रिकामी केली आणि त्यात त्या भरल्या.

यात एक विनोदही झाला. तुझ्या आईंचं लक्ष त्या बाटलीवर गेलं. माझ्या गुडघ्यांना पण लागेल की गं, दे एक, असं म्हणून त्यांनी हात पुढं केला. मी इतक्या जोरात नाही म्हणाले की त्या दचकल्या. मग माझी मीच सारवासारव केली, तुमच्या वयाचं कॅल्शियम वेगळं येतं म्हणून. दुसऱ्याच दिवशी त्यांच्यासाठी खरी बाटली आणली. सून कॅल्शियमची पण चिक्कू आहे, असं त्यांनी तुला फोनवर सांगितलंही होतं आणि तू खो खो हसला होतास. मीही हसले होते. काय करणार?

गेल्या आठवड्यात माझी तपासणीची वेळ होती. जुन्या सरकारी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला एचआयव्हीच्या तपासणीची आणि गोळ्यांची खोली आहे. दारावर विभागाचं नाव नाही, नुसता नंबर. बाहेर एक लांब बाक. मी दुकानाच्या मालाचं निमित्त सांगून घरून निघाले होते. जिना चढून वर गेले, तर बाकाच्या कडेला तुझी आई. मांडीवर पर्स, पायाशी छत्री. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, या माझा पाठलाग करत आल्या. मी भराभर बोलत सुटले, इथे डोळ्यांचे डॉक्टर बसतात, मालकांचा निरोप होता, असं काहीबाही. आईंचा चेहरा इतका पांढरा पडला की मला वाटलं, चक्कर येते आहे. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं, मला खाली बसवलं आणि हळूच म्हणाल्या, "तुलाही झालं? माझ्या पोरानं तुलाही दिलं?"

तेव्हा मला कळलं की कारखान्यातली मैत्रीण म्हणजे तो बाक. वर्षानुवर्षं त्या तिथून आपली औषधं आणत आल्या आहेत. ती अॅसिडिटीची गोळी, जी त्या झोपायच्या आधी घेतात आणि जिच्यावरून आपण त्यांच्या खाण्याला नावं ठेवतो, ती अॅसिडिटीची नाही. तुझ्या बाबांना छातीच्या आजारानं नेलं असं तुला सांगितलं गेलं. ते अर्धं खरं आहे. बाबा शेवटचे बोटीवरून आले ते एचआयव्ही घेऊन, आणि जाताना तो आईंना देऊन गेले. तू तेव्हा शाळेत होतास. तुला एकदा शाळेची तपासणी म्हणून रक्त द्यायला नेलं होतं, आणि तू रडल्यावर लाकडी आगगाडी मिळाली होती, ही गोष्ट तू मला किती कौतुकानं सांगतोस. ती शाळेची तपासणी नव्हती. तुझा रिपोर्ट चांगला आला तेव्हा आई त्याच बाकावर बसून रडल्या होत्या.

मी त्यांना सांगितलं की मला काही झालेलं नाही, होऊ नये म्हणून मी गोळी घेते. त्यांना ते समजेचना. आजार नसताना औषध कशाला, असं त्यांनी दोनदा विचारलं. समजलं तेव्हा म्हणाल्या, "आधीच घेता येतं होय? आमच्या वेळी असं काही नव्हतं बाई." आणि थोड्या वेळानं, "असतं तरी मी कशाला घेतलं असतं? त्यासाठी नवऱ्यावर संशय आहे असं कबूल करावं लागतं." बाबांचं काहीतरी बाहेर आहे, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांच्या आईनं शिकवलं होतं म्हणे. दवाखान्यातून परतताना त्या मला म्हणाल्या, "पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. ठेच मला लागली, गोळी घेऊन तू शहाणी झालीस, चांगलं केलंस. पण विचारलं नाहीस, ते मात्र अगदी माझ्यासारखंच केलंस." मला इतकं लागलं ते. कारण खरं होतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती त्यांनी मला घरी आल्यावर सांगितली. तुझ्या मनातला सगळ्यात जुना सल मला माहीत आहे. बाबा गेल्यावर आईनं मला वसतिगृहात टाकलं, सुट्टीत घरी आलो तरी कधी जवळ घेतलं नाही, माझं ताट वेगळं मांडलं, हे तू मला लग्नाच्या आधीच सांगितलं होतंस. आईला मी नकोसा होतो म्हणून समुद्रावर गेलो, असं म्हणाला होतास. अरे, तू नकोसा नव्हतास. स्पर्शानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, असं डॉक्टर त्यांना सांगून थकले. त्यांना ते पटायचंही. पण हात पुढं व्हायचा नाही. एकुलतं एक पोर चांगलं निघालं आहे, त्याला माझ्यामुळे काही झालं तर, या भीतीनं त्या तुझ्यापासून लांब राहिल्या, आणि नंतर लांब राहायची सवयच पडली. आता औषधानं त्यांच्या रक्तात विषाणू सापडतही नाही. धोका केव्हाच संपला, पण तोवर तू मोठा झाला होतास, आणि मोठ्या मुलाला कुठल्या कारणानं जवळ घ्यायचं, ते त्यांना सुचलं नाही. हे सांगताना त्या भाजी निवडत होत्या. मान वर केली नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. आईंनी मला त्यांचं सगळं तुला सांगायला सांगितलं, त्यांच्याच्यानं होणार नाही म्हणून. पण माझा प्रश्न माझ्यासाठी आहे. मी विचारते आहे. तुझं बाहेर काय होतं, अजून आहे का? उत्तर फोनवर देऊ नकोस, शब्दांची जुळवाजुळवही करत बसू नकोस. पुढच्या महिन्यात बंदरावर उतरलास की बॅगेसकट थेट त्या दवाखान्यात ये. रक्त तपासून घे, मग मला खरं काय ते सांग. ते ऐकून मी काय करीन, मला आज ठाऊक नाही. चूल वेगळी मांडीन किंवा भांडून भांडून तुझ्याबरोबरच राहीन. गोळी मात्र मी बंद करणार नाही, याचं तुला वाईट वाटेल, मलाही वाटतं. रिपोर्टला घाबरू नकोस. तो वाईट आला तरी माणूस औषधावर इतकी वर्षं ठणठणीत जगतो, याचा दाखला तुझ्या घरातच आहे. आलाच नाहीस, तर तेच तुझं उत्तर समजेन. मी त्या बाकावर असेन, आणि आईही येणार आहेत. काल त्यांनी मला विचारलं, तो आला आणि मी त्याला जवळ घेतलं, तर तो मागं सरकायचा नाही ना? मी म्हटलं, नाही सरकणार. तेवढं मला खोटं पाडू नकोस.

तुझीच,
रागासकट तुझीच