पाचर कोणाची

ता. ४ जून

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार. तू ओरडणार हे धरून दोन-चार जास्तीचे.

कारखान्यात मला काम शिकवणाऱ्या आमच्या उस्तादांच्या उजव्या हाताची चार बोटं पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेली, हे तुझ्या कानावर आलंच असेल. खरं काय ते कोणालाच माहीत नाही, म्हणून तुला सांगतो. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असले तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे हात मध्ये सापडायची भीती नाही. मी एका बटणात लाकडी पाचर ठोकली होती. एकाच हाताने दाबलं की काम झपाट्याने होतं. पाळी संपल्यावर ती काढायची विसरलो. पुढच्या पाळीला त्या प्रेसवर उस्ताद बसले.

मॅनेजरसाहेब म्हणतात, पाचर उस्तादांनीच मारली. महिनाअखेर चौकशी आहे, त्यात तसं ठरलं तर त्यांना काढून टाकतील. मला जेवण जात नाही. रोज सकाळी त्यांच्या घरी जातो, दाढी करतो, शर्टाची बटणं लावतो, घास भरवतो. जन्मभर करीन. मन जरा हलकं होतंय.

तुझ्या मायेची कधी नव्हे इतकी गरज असलेला,
ढब्बू

ता. ९ जून

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद. पण हे पत्र वाचून होईपर्यंत ते घेऊ नकोस.

मन हलकं होतंय हे वाचून फार बरं वाटलं. त्या माणसाचा हातही बराच हलका झालाय, नाही का?

कॉन्व्हेंटमधल्या आमच्या सिस्टर मुलींना स्वतःची शिक्षा स्वतः निवडू देत नसत. म्हणायच्या, हमखास सोपी निवडतात. तू दाढी निवडलीस. अरे, त्याला दाढी करणारा नकोय, तोंड उघडणारा हवाय. शाळेत काचा फोडायचास तू, मग पेन्सिल चावत गप्प उभा राहायचास आणि मार शेजारचा खायचा. आता चाळिशी आली, बाबा. चौकशीत जा आणि सांग. तोवर तुझ्या पश्चात्तापाची वर्णनं मला पाठवू नकोस, माझं ब्लडप्रेशर वाढतं.

निम्मे आशीर्वाद सोबत, उरलेले कामगिरी बघून.
आत्या

ता. १६ जून

ती. आत्यास,
सा. न., जरा लांबूनच.

सांगणारच होतो. पण मॅनेजरसाहेबांनी बोलावून पाठ थोपटली. उस्तादांची इतकी सेवा करतो म्हणून मला सुरक्षाप्रमुख केलंय, फाटकापाशी फोटोही लावलाय. आता बोललो तर नोकरी जाईल, मग पाचरा मारणाऱ्यांना आवरणार कोण? प्रत्येक प्रेसवर मी पाट्या लावल्यात, ‘पाचर मारू नका’. या जागेवर राहून लोकांचं जास्त भलं होईल असं वाटतं.

काल उस्तादांनी डाव्या हाताने बटणं लावली होती. वाकडी लागली होती, मी सोडून नीट लावली.

लोभ उरला असेल तर तो राहू दे,
ढब्बू

ता. २० जून

चि. सुरक्षाप्रमुखांस,
आशीर्वाद तूर्त बंद.

बोटं त्याची, बढती तुझी. वाटणी चोख झाली. त्याने धडपडून लावलेली बटणं तू सोडलीस, याचा मला त्या पाचरेपेक्षा जास्त संताप आलाय.

चौकशीला मी येते आहे. तू बोलला नाहीस तर मी बोलेन, आणि माझा आवाज तुला ठाऊक आहे.

नाइलाजाने अजून तुझीच,
आत्या

ता. २६ जून

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार. तिकीट काढलं असशील तर रद्द कर.

चौकशीची वाट न बघता काल सगळ्यांसमोर सांगितलं. पश्चात्तापाने की तुझ्या धास्तीने, ते ठरवत बसलो नाही. साहेब म्हणाले की सुरक्षाप्रमुखाच्या तोंडी असलं बोलणं शोभत नाही. नोकरी गेली, फोटो उतरवला. पाट्या मात्र तशाच आहेत. उस्तादांवरचा ठपका गेला. आता ते सामानाच्या खोलीत काम करतील.

त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो तर म्हणाले, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पाचरेवर माझे दात उमटले होते, लाकूड चावायची माझी सवय त्यांना ठाऊक. आज तरी हा बोलेल म्हणून रोज गाल पुढे करत होते. वर म्हणाले, दाढी मात्र मी फार वाईट करतो.

आज सवयीने पाय तिकडेच वळले. दाढी त्यांची त्यांनीच केली होती, हनुवटीला कापूस लावलेला. बस म्हणाले, चहा करतो. एका हाताने पातेलं धरून ओतू लागले, निम्मा ओट्यावर सांडला.

मी उठलो नाही, आत्या. खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो.

राखून ठेवलेले आशीर्वाद आता पाठवलेस तरी चालेल.
तुझा,
ढब्बू