चुन्याचा बाण

११ डिसेंबर १९९७, गुरुवार

मीनाला गावी, साताऱ्याला जातो म्हणून सांगितलं. तिने डबा भरून दिला. "थंडी असेल, कानटोपी घ्या." बस्स. खांद्याला निशांतची सॅक बघून तिने पट्टा सरळ केला.

रबाळ्याच्या कारखान्यांमागून चढलो. खालून हे डोंगर वाटतात. वर आलं की कळतं, नुसती टरफलं उरलीत. एका बाजूला गवत, दुसरी बाजू खाणवाल्यांनी सरळ कापून नेलेली. मध्येच एखादा सुळका तसाच सोडलेला — अर्धा खाऊन टाकल्यासारखा! पावसाने मुरूम धुऊन खोल घळी पाडल्यात, तांबड्या. खाली खाणीत हिरवं पाणी. आमची सगळी कॉलनी याच दगडाची.

तंबू उभा करण्यात दुपार गेली. निशांत गप्पा मारता मारता करायचा. आतून अजून त्याच्या बुटांचा वास येतो.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी गवत कापणारी एक बाई आली. वेणूबाई. "काय ओ सायेब, बायकोनी हाकलला का?" ती तंबूभोवती एक चक्कर मारून आली. "यात निजता? आमचा कोंबड्यांचा खुराडा मोठा हाय!" मग आपणहूनच — "रविवारी तो टोपीवाला आलता. दगडांना चुना फासत फिरत होता. मागच्या सालीपन तोच. हिकडं बार उडला की वाट खाली जाते, त्याला कोन सांगनार?"

टोपीवाला म्हणजे उदयसिंह, कॉलनीतल्या पोरांना ट्रेकला नेणारा. त्याची पद्धतच ती. ट्रेकच्या आदल्या रविवारी एकटं यायचं, दगडांवर चुन्याने बाण काढायचे. मग सगळी पोरं बाण बघत चालणार. गेल्या वर्षी त्याने बाण काढले आणि त्याच आठवड्यात खाणवाल्यांनी सुरुंग लावून वाटच उडवली. बाण राहिला. निशांत धुक्यात बाणाप्रमाणे गेला.

शोकसभेत हा काय म्हणाला? "फार उत्साही मुलगा. थांब म्हटलं तरी थांबत नसे." लोकांनी माना डोलावल्या. मीनाने त्याला चहा दिला! मी कोपऱ्यात बसून होतो. गेलेल्या पोरावर ढकलून मोकळा झाला, आणि मी ऐकून घेतलं.

"माझी चूक झाली." एवढं एकदा म्हणाला असता तर मी इथे आलो नसतो.

१३ डिसेंबर, शनिवार

उद्या 'निशांत स्मृती ट्रेक'. सोसायटीच्या बोर्डावर पत्रक होतं. वर माझ्या मुलाचं नाव, खाली नेता म्हणून याचं!

निशांत पडला ती जागा सापडली. मोठ्या खडकाशी वाट डावीकडे घळीत उतरते. सरळ गेलं तर छातीएवढं गवत, आणि गवत संपतं तिथे काहीच नाही. या वेळी बाण बरोबर आहे — डावीकडे. नीट बघून काढलाय. दुसऱ्यांच्या मुलांसाठी!

पाणी ओतून गवताने घासला. पूर्ण गेला. पानवाल्याकडून आणलेला चुना कालवून नवा काढला, सरळ. उदयसिंह नेहमी सगळ्यांच्या पुढे चालतो. आपल्या बाणामागे धुक्यात जाऊन त्यानेही बघावं कसं वाटतं ते.

तंबू समोरच्या उंचवट्यावर हलवला. तिथून खडक दिसतो. आज पोटभर जेवलो.

१४ डिसेंबर, रविवार

लिहिता येत नाही, तरी लिहितो.

धुकं होतं. आधी आवाज आले, मग खडकाशी निशांतचा फोटो दिसला. हार घातलेला. तो छातीशी धरून मीना! स्मृती ट्रेकला पुढे चालायचा मान घरच्यांचा असतो म्हणे. मला ठाऊक नव्हतं. मी कुणाशी बोलतो कुठे, की कुणी मला सांगेल! मी चिडेन म्हणून तिनेही सांगितलं नाही.

बाणापाशी थांबली. बघितला. सरळ निघाली.

"मीने! थांब! मीने!" लग्न झाल्यापासून अशी हाक मारली नव्हती. तिला कळेना आवाज कुठून येतोय. ती पुढेच. उदयसिंह मागून धावत आला, तिला दंडाला धरून मागे फेकलं — आणि स्वतः गेला. खालच्या टप्प्यावर अडकला. दोर लावून वर काढला. ओरडत होता.

मीना सगळ्यांदेखत मला बिलगली. "साताऱ्याला गेलाच नाहीत ना! त्याच्याजवळ आलात! तुमच्या हाकेने वाचले हो मी." पोरं माझ्या पाया पडली.

१६ डिसेंबर, मंगळवार

मीनाबरोबर हॉस्पिटलात गेलो. उदयसिंहला कमरेखाली काही कळत नाही. त्याने माझा हात धरला. "काका, बाण डावीकडे काढला असं मी शपथेवर सांगितलं असतं. पण परवा स्वतः पाहिला, सरळ होता. गेल्या वर्षीही माझंच चुकलं असणार. मी निशांतला दोष दिला. माफ करा."

मीना डोळे पुसत होती.

मी म्हणालो, "असू दे."