तुझं बेंगळूर, अप्पांचं म्हैसूर

अम्मा,

आज सकाळी इथे कुवेंपुनगरात नळाला पाणी आलं नाही. म्हैसुरात, आणि पाणी नाही! शेजारणीने खिडकीतून सांगितलं की कुठेतरी पाइप फुटलाय, संध्याकाळपर्यंत येईल, आणि मी रिकामी बादली हातात धरून उभ्या उभ्या हसले. वाटलं, आत्ता तू हवी होतीस. पदर खोचून अप्पांसमोर जाऊन उभी राहिली असतीस, ‘हं, बोला आता! कुठे गेली तुमची कावेरी? माहेरी गेली काय?’ आणि अप्पा शिलाई मशीनवरची मान वर न करता म्हणाले असते, ‘तुमच्या बेंगळूरनेच ओढून नेली असेल. दुसरं कोण नेणार?’ हसता हसता मला रडूच आलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, अप्पांना त्याहून जास्त, आणि अजून नळ कोरडा पडला की मला तुमचं भांडण ऐकू येतं.

तू बेंगळूरच्या पेटेतली, जुन्या बाजारातली, अप्पा म्हैसूरचे. दोन्हीकडे आपलीच मराठी माणसं, दोन्हीकडे शिवणकाम, दोन्हीकडे विठ्ठलाचं देऊळ आणि एकादशीचं भजन, म्हणून सोयरीक जुळली. पण म्हैसुरात जन्म काढलास तरी कुणी ‘यावूरम्मा?’ म्हणून गाव विचारलं की तू ताडकन सांगायचीस, ‘बेंगळूर.’ वर पुस्ती जोडायचीस, ‘इथे फक्त राहते.’ ऐकणारा अप्पांकडे बघायचा आणि अप्पा कात्री चालवत चालवत गालात हसायचे. आपल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागच्या खोलीत तुझी चूल, आणि मध्ये एक पडदा. तू चुलीपाशी बसून ब्लाउजांना हुक लावायचीस आणि पडद्याच्या त्या बाजूला तोंडाचा पट्टा सोडायचीस. मी मध्ये उंबऱ्यावर पाटी घेऊन बसलेली असायची. जो हरेल त्याने कॉफी करायची, असा तुमचा कायदा होता. अप्पांच्या हातची कॉफी मी इतकी प्यायले आहे, की जिंकायचं कोण हे तुला वेगळं सांगायला नको.

काय काय बोलायचात! ‘तुमच्या बेंगळूरच्या पाण्यात डाळ शिजत नाही.’ ‘शिजवणारीला येत नसेल. आमच्याकडे ऐन चैत्रात पांघरूण लागतं, माहीत आहे?’ ‘म्हणूनच तुमची माणसं सकाळी उठत नाहीत.’ ‘आणि तुमची आठाच्या पुढे जागी राहत नाहीत! दसऱ्याला दहा दिवस दिवे लावायचे आणि वर्षभर झोपा काढायच्या. पेन्शन घ्यायची आणि तळ्याकाठी फिरायचं, याला काय गाव म्हणायचं?’ अप्पांचा हुकमाचा पत्ता म्हणजे राज्याचं नाव. नवं मोठं राज्य झालं, बेळगाव-धारवाडापासून सगळा मुलूख एक झाला, तरी नाव म्हैसूरच राहिलं, हे ते असं सांगायचे जसं काही त्यांनीच बारसं केलं होतं. तू म्हणायचीस, ‘नाव तुमचं, कारभार आमचा. तुम्ही नुसती पाटी, दुकान आमचं.’ मग पुढे ते नावही बदललं, कर्नाटक झालं. त्या दिवशी तू तुपात निथळणारा केसरीभात केलास आणि पहिली बशी अप्पांपुढे ठेवलीस. ‘घ्या, तोंड गोड करा.’ अप्पांनी तो मुकाट्याने खाल्ला, बशी पुन्हा पुढे केली आणि म्हणाले, ‘तूप म्हैसूरचं आहे, म्हणून बरा झालाय.’ तू इतकी हसलीस की ठसका लागला.

आणखी एक दिवस आठवतो. बेंगळूरहून तुझा दादा आला होता, माझा मामा. जेवताना सहज बोलून गेला, ‘या मेलेल्या गावात तुम्ही दिवस कसे काढता, देवच जाणे.’ बोलून चालून तुझंच वाक्य. तूही रोज हेच बोलायचीस की! पण तुझ्या हातातला डाव तसाच राहिला. ‘दादा,’ तू म्हणालीस, ‘ते मी म्हणायचं. तू नाही.’ मामा वरमला, अप्पा ताटाकडे बघत राहिले. जेवणं झाली, मामा देवळात गेला, आणि त्या दिवशी कुणी हरलं नसतानाही अप्पांनी उठून कॉफी केली. तुला पेला दिला आणि दुकानात जाऊन बसले. मी लहान होते, मला वाटलं दोघांचं काही बिनसलंय.

नंतर मला बेंगळूरला नोकरी लागली, तिथलंच सासर मिळालं, आणि तुला जग जिंकल्याचा आनंद झाला. मी सुट्टीला आले की तुझं आधी तेच, ‘थंडी आहे ना गं अजून तशीच?’ मी म्हणायची, आहे. अप्पा गेले तेव्हा मला, खरं सांगते, एवढाच दिलासा होता की आता तुला तुझ्या गावाला नेता येईल. उरलेलं आयुष्य माहेरात जाईल तुझं. माझं घर पार गावाच्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, पण तुझ्या बेंगळूरचंच की. मी तुला घेऊन आले, आणि तू गप्प झालीस.

पहिल्याच आठवड्यात हट्ट करून पेटेतलं घर बघायला गेलीस. मी बरोबर होते. घर नव्हतं, विहीर नव्हती, त्या जागी प्लास्टिकच्या बादल्यांचं तीन मजली दुकान होतं. तू रस्त्याच्या कडेला उभी राहिलीस. एका रिक्षावाल्याने तुझ्यावर हॉर्न वाजवला. ‘चल,’ म्हणालीस, बस्स. घरी येऊन तू शेजारच्या फोनवरून म्हैसूरच्या अक्कांशी बोललीस, आपल्या भिंतीला भिंत लागून राहायच्या त्या. मी जिन्यात ऐकत होते. ‘अय्यो, थंडी काय विचारता! आणि पाणी? धो धो. रात्रंदिवस नळ वाहतोय.’ त्या दिवशी सकाळपासून नळाला थेंब नव्हता, अम्मा, आणि माझ्या लेकाची अंघोळ तू अर्ध्या बादलीत उरकली होतीस.

मग तो रविवार. खाली पाण्याचा टँकर आला, मी भात लावला होता, म्हणून तू घागर घेऊन गेलीस. मी गॅलरीतून बघत होते. रांगेत पुढच्या बाईने मागे वळून तुला विचारलं, ‘यावूरम्मा?’ मला तुझं उत्तर तोंडपाठ होतं. तू घागर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलीस आणि म्हणालीस, ‘म्हैसूर.’ तेवढ्यावर थांबली नाहीस. ‘आमच्या म्हैसुरात अशी रांग नसते हो. पहाटे नळ सुटतो. पाणी काय गोड! डाळ दोन उकळ्यांत मऊ होते.’ शब्द न् शब्द अप्पांचा. बोलायची ढबसुद्धा त्यांचीच, मान जराशी तिरकी.

तू वर आलीस, घागर उतरवलीस, माझ्याकडे बघितलंस आणि मी ऐकलंय हे तुला कळलं. पदराने तोंड पुसत तू हळूच म्हणालीस, ‘तुझ्या अप्पांना कळता कामा नये हं.’

अप्पा तेव्हा या जगात नव्हते, अम्मा. तुझ्या ते बोलल्यावर लक्षात आलं. आधी तुला हसू आलं, मग मला, आणि मग तू तिथेच घागरीशेजारी ओल्या फरशीवर बसलीस आणि अप्पा गेले त्या दिवशी रडली नव्हतीस तशी रडलीस. मी तुला जवळ घेतलं. भात करपला. हे बाहेरून आले, काही न विचारता तोच करपका भात जेवले.

त्यानंतर तू जायचं काढलंस. मी हातापाया पडले, रागावले, नातवाला पुढे केलं. तुझी कारणं रोज नवी. तुळशीला पाणी कोण घालणार, घरमालक जागा दुसऱ्याला देईल, एकादशीच्या भजनात तुझ्यावाचून झांजा कोण धरणार. खरं कारण कधी सांगितलं नाहीस. बेंगळूर वाईट झालंय असं तुझ्या तोंडून एकदाही निघालं नाही. बसस्टँडवर मी शेवटचं विचारलं, ‘जन्मभर बेंगळूर बेंगळूर केलंस, आता मिळालं तर का टाकून जातेस?’ तू खिडकीतून माझ्या गालावरून हात फिरवलास. ‘बेंगळूरची बाजू घ्यायला तू आहेस गं. म्हैसूरची घ्यायला आता कोण उरलंय?’ मला त्या वेळी तुझा राग आला होता. मला वाटलं, लेकीपेक्षा जुनं भांडण मोठं झालं हिला.

पुढच्या पावसाळ्यात तू गेलीस. मी आले तेव्हा तुला पडद्याजवळ, अप्पांच्या मशीनशेजारी ठेवलं होतं. अक्का माझा हात धरून सांगत होत्या, ‘तुझ्या घराचं किती कौतुक करायची! लेकीकडे रात्रंदिवस पाणी आहे, चैत्रात पांघरूण लागतं, राणीसारखी राहिले म्हणायची.’ मी मान हलवत होते. काय सांगणार होते त्यांना?

आता माझीही नोकरी संपली. हे गेले. लेकाचं लग्न झालं, त्याचं घर बेंगळूरच्या आणखी पलीकडच्या टोकाला, आणि दोघं सकाळी बाहेर पडतात ती अंधार पडल्यावर परततात. मीच म्हटलं, मी म्हैसूरला जाते, तिथली हवा चांगली. आपलं जुनं घर राहिलेलं नाही, म्हणून इकडे कुवेंपुनगरात वरचा मजला भाड्याने घेतलाय. ऊन छान येतं. गल्लीत झाडं आहेत. सगळं अप्पा सांगायचे तसंच आहे, अम्मा, आणि मला इथे करमत नाही. बाजारात जाते, भाजी आणते, एकटीपुरता भात लावते. आज दिवसभरात माझ्याशी बोललेलं माणूस म्हणजे ती खिडकीतली शेजारीण, तेही पाइप फुटला म्हणून.

ही चिठ्ठी कुठल्या पत्त्यावर टाकणार? लिहून झाली की घडी घालून ठेवीन. पण एक सांगायचं राहिलंय, ते तुलाच सांगता येईल. दुपारी लेकाचा फोन आला होता. ‘अम्मा, एकटी काय करतीस तिथे? ये इकडे.’ मी म्हटलं, ‘छे रे! तुमच्या त्या बेंगळूरला कोण येतो? सगळी धूळ आणि गर्दी. इथे बघ, हवा काय, पाणी काय, शेजारीपाजारी मला क्षणभर एकटं सोडत नाहीत.’ बोलताना बादली माझ्या पायाशी रिकामी होती. तो म्हणाला, ‘बरं झालं, अम्मा, तुझं मन रमलं,’ आणि त्याने फोन ठेवला. मला वाटलं होतं, तो थोडं तरी भांडेल.