घोडा पडतो, गोळी उडत नाही

प्रिय जावईबापू,

‘प्रिय’ हाताच्या सवयीने लिहिलंय, मनावर घेऊ नका.

तुमचं रिव्हॉल्व्हर पोचलं, सोबतची चिठ्ठीही पोचली. तिच्यात म्हणता, चाप ओढला की घोडा पडतो पण गोळी उडत नाही, सरावाच्या मैदानावर चारचौघांत शोभा झाली, लवकर दुरुस्त करा. आणि माझी बायको, तुमची धाकटी, रुसून तुमच्याकडे येऊन बसली आहे, तिच्याच हाती पाठवून द्या. बायकोच्या थोरल्या बहिणीला असे हुकूम सोडायचे, ही तुमची जुनीच खोड. लग्न ठरलं तेव्हा आमच्या दुकानात बसून तुम्ही बाबांना बंदुका शिकवत होतात. उभा जन्म त्यांच्या दुरुस्तीत घालवलेले बाबा हसून हो हो म्हणत राहिले. मी तेव्हाच नाक मुरडलं होतं, पण माझं ऐकतो कोण!

असो. काम हातात घेतलं. आधी संशय काडतुसांवर. बुडाशी प्रायमरची टोपी असते, तिच्यावर घोड्यापुढच्या पिनेचा ठोका पडला की ठिणगी पेटते. टोपी जास्त खोल बसली असेल तर ठोका नीट लागत नाही. तुमच्या सहांपैकी दोन काडतुसांवर खूण होती, उथळ, नखाने दाबल्यासारखी. ती बाजूला ठेवली, उरलेली चार माझ्या रिव्हॉल्व्हरमधून उडवली. चारही बिनतक्रार उडाली. मग घोड्याची स्प्रिंग पाहिली, ती ठणठणीत. पिनेच्या भोकात मळ साचला असेल म्हणून ते धुतलं, तर तिथेही काही नाही. धाकटी आता दोन घास जास्त खाते. पण मी ड्रॉवर जोरात लावला की ती भिंतीला पाठ लावते. तुमच्याकडे जायच्या आधी हीच पोरगी दुकानात हातोड्याच्या तालावर गायची.

शेवटी पिन काढली. झिजलेली पिन टोकाला गोल होते, ही मात्र सपाट आखूड केलेली होती. कानसीने घासून वर तेलाच्या दगडावर गुळगुळीत केलेली. बाबांनी आम्हा दोघींना एकत्रच शिकवलं. माझं काम राकट, कानस मारली की झालं. दगडावर फिरवून बोटाने चाचपायची चिकाटी आमच्या घरात एकीलाच आहे. पिन तिने मुद्दाम पुरती काढली नाही. काढली असती तर तुमच्या लगेच लक्षात आलं असतं. घोडा पडावा, आवाज यावा, टोपीवर खूण उमटावी, आणि पुढे काही होऊ नये, एवढीच घासली.

मी पिन तिच्यासमोर धरली, तेव्हा ती बोलली. कुठलं मैदान आणि कुठला सराव! स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून ती उभी होती आणि तुम्ही दारात. मैदानावर माणूस सहाही काडतुसं आजमावून बघतो, जावईबापू. तुमच्या दोनच काडतुसांवर खूण आहे, कारण तिसऱ्याच्या आत ती मागच्या दाराने बाहेर पडली. पहिल्यांदा चाप ओढलात त्याला तुम्ही उद्या थट्टा म्हणाल, राग म्हणाल. तो फुकट गेल्यावर दुसऱ्यांदा ओढलात, त्याला काय म्हणणार?

तुमची वस्तू परत का येणार नाही, हे कळवायलाच हे पत्र. आज सकाळी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात जाऊन आलो. रिव्हॉल्व्हर, पिन आणि ती दोन काडतुसं तिथे जमा आहेत. धाकटीने जबाब स्वतः दिला, मी नुसती शेजारी बसले होते. तिला न्यायला येऊ नका, माझ्या दुकानाची पायरी तर चढूच नका. ठाण्यातून बाहेर पडल्यावर ती एकच गोष्ट बोलली, तेवढं तुम्हाला सांगते. पिन घासत होती तेव्हा तिला मनापासून वाटत होतं, आपली ही सगळी मेहनत वाया जावी. तुम्ही ती वाया जाऊ दिली नाहीत.

तुमचीच,
अक्कडसासू