अकरा टकली रोपं

प्रिय धाकटे,

तुझ्या गुडघ्याला आराम पडला आहे असं मी धरून चालते, कारण दुखत असता तर तू एव्हाना त्याबद्दल चार पानं धाडली असतीस. माझं बरं आहे. कान त्यांना हवं तेवढंच ऐकतात, दात एका हाताच्या बोटांवर मोजून होतात. अक्षर नातीचं, बोल माझे. (तिला बजावलं आहे, मी म्हणेन ते लिहायचं, मध्ये थांबायचं नाही. का बजावलं ते पुढे येईलच.)

नात नेमकं काय शिकते असं तू मागच्या खेपेला विचारलंस आणि मी झाडांचं काहीतरी म्हणून वेळ मारून नेली. आता ऐक. ती पानांवरच्या लवेचा अभ्यास करते. वांग्याच्या पानाला हात लावला की खरखरतं ना, ती लव. (माझ्या डोक्यावरचे केस गेले तेव्हा कोणी चौकशी केली नाही, पानावरच्या केसांसाठी मात्र यंत्रं आहेत.) पानाच्या प्रत्येक पेशीत जनुकं असतात म्हणे, म्हणजे आईबापांकडून आलेल्या सूचना. कोवळ्या पानावर सगळ्या पेशी सारख्याच असतात. मग एखादीत ती सूचना जोर धरते, ती पेशी उंच वाढते आणि केस होते. आणि होता होता शेजारणींना निरोप धाडते, की मी झाले, आता तुम्ही होऊ नका. म्हणून दोन केस कधी खेटून येत नाहीत. हे ऐकलं आणि मला आपलं घर आठवलं. शाळेत एकीलाच पाठवता येणार होतं. तू गेलीस, मी रोपवाटिकेत कामाला लागले. तू निरोप धाडलास असं मी म्हणत नाही. तू सहा वर्षांची होतीस, तुला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं. निरोप आपोआप जातो, पेशीचा त्यात दोष नसतो, असं नात म्हणते. मी त्यावर बराच वेळ विचार करत बसले. तेवढ्यात दूध उतू गेलं.

तर तू आली होतीस त्याच आठवड्यात तिच्या प्रयोगशाळेतले दिवे बिघडले, म्हणून तिने रोपांचा ट्रे घरी आणून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. चाळीस खळगे, चाळीस बोटभर रोपं. वर चिठ्ठी चिकटवली, हात लावू नये. आता तूच सांग, तुला पाहुणीला सोडलं तर घरात माणसं दोन. एकीने ती लिहिली, दुसरीला वाचता येत नाही. मग चिठ्ठी होती कोणासाठी?

सकाळी मी रोपांवरून अंगठा फिरवला. जन्माची सवय. रोपवाटिकेतल्या मुकादमबाईंनी शिकवलेलं, की डोळे फसतात, अंगठा फसत नाही. बाकीच्यांसारखं जे लागत नाही ते रोगट, उपटा. एकोणतीस रोपं मांजराच्या जिभेसारखी लागली आणि अकरा गुळगुळीत. काढली मी. पोरीचं काम हलकं केलं म्हणून वर खूशही झाले.

संध्याकाळी नात आली आणि रिकामे खळगे पुन्हा पुन्हा मोजत बसली. सगळा खटाटोप त्या अकरा टकल्यांसाठीच होता. लव आणणारं एक जनुक त्यांच्यात मोडलेलं होतं, आणि ते मोडलं म्हणूनच कळणार होतं की धड असताना ते काय काम करतं. तीन वर्षं त्यात गेलेली, त्या वाणाचं बी संपलेलं, आणि पुढच्या महिन्यात तिच्या बाईंना दाखवायचं होतं. मी म्हटलं, पाखरू आलं असेल. तेव्हापासून तिने खिडकीला जाळी ठोकली आहे आणि समोरच्या एका निरपराध कबुतराशी वैर धरलं आहे.

(ती थांबली आहे. माझ्याकडे बघते आहे. लिही गं. हेही लिही.)

तोंडावर सांगायचा धीर होईना. सांगायला म्हणून जाते आणि चहा घेतेस का विचारून परत येते. मग सुचलं, की तुला पत्र सांगावं, म्हणजे तिला आपोआप कळेल. लिहिता येत नसल्याचा एवढा एकच फायदा मला आजवर झाला.

तुझी थोरली
(ही सही नाही, अंगठा आहे. हा सगळा घोळ घालणारा तोच.)

ता. क. : त्याच दुपारी जाताना तुला डब्यातून रानफुलाची म्हणून रोपं दिली होती, आठवतं? जितं रोप मला कधी कचऱ्यात टाकवलं नाही. तीच ती अकरा. पालेभाजी समजून शिजवली नसशील, तर आता फुलावर आली असतील. पाणी घाल. शेंगेला हात लावू नकोस, नातीचं बी त्यातच आहे. (बघ, आता मीही तेच सांगायला लागले.)

ता. क. : टकल्या पानांना कीड जरा जास्त लागते, पण फुलं बाकीच्यांइतकीच येतात, असं नात म्हणते. माझ्या अंगठ्याला हे कोणी सांगितलं नव्हतं.

ता. क. : हे पत्र टपालात पडणार नाही. नात चपला घालून उभी आहे, म्हणून अक्षर वाकडं आलं असेल. तीच घेऊन येते आहे. दार उघडलंस की आधी तिला तुझ्या रोपांची खिडकी दाखव, पत्र मागाहून वाच. खाली तिने आपल्या मनाने दोन ओळी खरडल्या आहेत आणि काय ते सांगत नाही. लिहिताना हसली की नाक ओढलं, ते माझ्या कानांना कळलं नाही. तेवढं वाचून दाखवायला तू ये. चांगलं नसलं तरी ये.